पटावर नाव चढेपर्यंत: जपानमधले परदेशी नोकरदार बुडवलेली पेन्शन कशी मिळवतात

समजा, ओसाकातल्या एका कंपनीच्या भाषावर्गात दोघेजण इंग्रजी शिकवतात. पगार दोघांचाही महिना ३ लाख येन. एकाच्या पगारपत्रकात पेन्शनचे २७,४५० येन आणि आरोग्यविम्याचे साधारण १५ हजार येन कापलेले दिसतात. दुसऱ्याच्या पगारपत्रकात यातली एकही कपात नाही, फक्त आयकर. महिनाअखेरीस जास्त रक्कम दुसऱ्याच्या हातात पडते. मग तक्रार कोणी करायची?

दुसऱ्यानेच. पहिल्याच्या पगारातून २७,४५० येन जातात तेव्हा कंपनीलाही आपल्या गल्ल्यातून तेवढेच घालावे लागतात, आणि दोन्ही मिळून ५४,९०० येन त्याच्या नावावर जमा होतात. दुसऱ्याच्या नावावर या योजनेत काहीच जमा होत नाही. त्याच्या हातात जे जास्त पडते ते त्याचेच पैसे असतात. कंपनीने घालायचे पैसे मात्र कंपनीकडेच राहतात. अशा एका माणसामागे दोन वर्षांत नुसत्या पेन्शनचे ६,५८,८०० येन वाचतात. मालक टाळाटाळ का करतो, याचे उत्तर शोधायला आणखी खोलात जावे लागत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानमध्ये २३ लाख परदेशी लोक नोकरी करत होते. कारखान्यात, शेतावर, वृद्धाश्रमात, आयटी कंपन्यांत आणि भाषावर्गांत. त्यांतल्या अनेकांना नेमके कोणत्या पेन्शनवर आपला हक्क आहे हे कळायलाच दोन-तीन वर्षे जातात. तेवढ्यात बरेच हातचे निघून गेलेले असते.

दोन पेन्शन

जपानमध्ये २० ते ५९ वयाच्या प्रत्येक रहिवाशाला पेन्शन योजनेत असावेच लागते, मग पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. पहिली योजना ‘कोकुमिन नेन्किन’, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन. ती दुकानदार, शेतकरी, विद्यार्थी, बेकार अशा सर्वांसाठी आहे. तिचा हप्ता सर्वांना सारखा आणि तो ज्याचा त्याने भरायचा. २०२५-२६ साठी हा हप्ता महिना १७,५१० येन होता. १९८२ पर्यंत या योजनेला राष्ट्रीयत्वाची अट होती. निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाल्यावर जपानने ती काढून टाकली.

दुसरी योजना ‘कोसेई नेन्किन’. ही नोकरदारांची पेन्शन, आपल्याकडच्या पीएफच्या जवळची. हप्ता पगाराच्या १८.३ टक्के, निम्मा नोकरदाराचा आणि निम्मा मालकाचा. तिच्यात नाव असले की राष्ट्रीय पेन्शन तिच्यातच धरली जाते, वेगळी भरावी लागत नाही. कोसेई नेन्किन आणि नोकरदारांचा आरोग्यविमा या जोडीला बोलीत ‘शाकाई होकेन’ म्हणतात. नोंदणी झाली की सहसा दोन्ही एकदमच मिळतात.

आपण चार वर्षांत परत जाणार, म्हातारपणच्या पेन्शनशी आपला काय संबंध, असे अनेकांना वाटते. पण कोसेई नेन्किनचा मोठा आधार तरुणपणीच लागू शकतो. या योजनेत असताना आजार किंवा अपघात होऊन अपंगत्व आले, तर हप्त्यांच्या अटी पूर्ण करणाऱ्याला अपंगत्वाची पेन्शन मिळते. तिच्या पगाराशी जोडलेल्या भागाचा हिशोब करताना कायदा माणसाची नोकरी किमान ३०० महिने, म्हणजे २५ वर्षे झाली असे धरतो, जरी ती प्रत्यक्षात दीड वर्षाचीच असली तरी. सरासरी पगार ३ लाख येन असेल तर गंभीर अपंगत्वात हा भाग वर्षाला ४,९३,२९० येन होतो, आणि मूळची ठरावीक पेन्शन त्याहून वेगळी. नोकरदारांच्या आरोग्यविम्यात आजारपणाच्या रजेत पगाराच्या साधारण दोन-तृतीयांश भत्ता मिळतो, तोही दीड वर्षापर्यंत. स्वतःचा हप्ता स्वतः भरणाऱ्याला यातली फक्त मूळची ठरावीक पेन्शन मिळू शकते, बाकी काही नाही. ज्याचे नाव मालकाने नोंदवलेले नाही, त्याच्या डोक्यावरून हे बहुतेक छप्पर काढून घेतलेले असते, आणि पाऊस येईपर्यंत ते त्याच्या लक्षातही येत नाही.

साडेएकोणतीस तासांची पळवाट

नोंदणी टाळायची कारणे ठरलेली असतात. ‘तुम्ही परदेशी आहात, तुम्हाला ऐच्छिक आहे.’ ‘आधी सहा महिने प्रोबेशन होऊ द्या.’ ‘तुम्ही आमचे नोकर नाही, कंत्राटदार आहात.’ यातले पहिले धादांत खोटे आहे. दुसरेही तसेच, कारण प्रोबेशनवरचा माणूस पहिल्या दिवसापासून नोकरदार असतो. तिसऱ्या सबबीत कागदापेक्षा वस्तुस्थिती पाहिली जाते. वेळ, जागा, पुस्तके आणि शिकवण्याची पद्धत कंपनी ठरवत असेल, बदली माणूस पाठवायची मुभा नसेल आणि दरमहा ठरलेला पगार मिळत असेल, तर करारावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असा शिक्का मारून ती नोकरी लपत नाही.

खरी हुशारी तासांच्या हिशोबात होते. शाकाई होकेनचा जुना निकष असा की, पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या तीन-चतुर्थांश तास आणि तीन-चतुर्थांश दिवस जो काम करतो त्याची नोंदणी सक्तीची. ४० तासांचा आठवडा धरला तर ही रेघ ३० तासांवर येते. भाषावर्गांच्या धंद्यात म्हणून २९.५ तासांचे करार सर्रास होऊ लागले. तासिका तेवढ्या मोजायच्या. तयारी, वह्या तपासणे आणि मधल्या वेळेत शाळेत अडकून बसणे मोजायचे नाही. गंमत म्हणजे तीन-चतुर्थांशाचा हा निकष कित्येक वर्षे कायद्यात नव्हताच. १९८० साली खात्यांतर्गत पाठवलेल्या एका पत्रावर तो चालत होता. कायद्यात तो ऑक्टोबर २०१६ मध्ये आला.

त्याच महिन्यात दुसरीही एक वाट उघडली. मोठ्या कंपन्यांमध्ये आठवड्याला २० तास काम आणि महिना ८८ हजार येन पगार असला, तरी नोंदणी सक्तीची झाली. आधी ५०१ कर्मचाऱ्यांच्या कंपन्या, २०२२ मध्ये १०१, ऑक्टोबर २०२४ पासून ५१. मोठ्या कंपन्यांची २९.५ तासांची पळवाट अशी बुजत आली. लहान कंपन्यांत मात्र ती अजून शाबूत आहे, आणि छोट्या भाषावर्गांची नोकरी पत्करणाऱ्याने करारातले तास पहिल्याच दिवशी नीट वाचले पाहिजेत.

एक मर्यादाही सांगायला हवी. व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर एकच कर्मचारी असला तरी योजना लागू होते. पण उपाहारगृह एखाद्या माणसाच्या वैयक्तिक मालकीचे असेल तर तिथे शाकाई होकेनची सक्ती नाही. जपानभर पसरलेल्या भारतीय जेवणाच्या उपाहारगृहांतल्या स्वयंपाक्यांनी म्हणून आधी पाहायचे ते हे, की पाटीमागे कंपनी आहे की नुसता मालक.

पैसे मालकाचे, नोंद नोकरदाराची

इथे या यंत्रणेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. थकलेली वर्गणी मालकाकडून वसूल करून स्वतःच्या खात्यात भरायची, असे काम नोकरदाराला करावेच लागत नाही. त्याचे काम एकच: आपण अमुक तारखेपासून इथे नोकरीला आहोत, ही नोंद पेन्शन कार्यालयाच्या दप्तरात करून घेणे.

शाळेच्या पटाचे उदाहरण घ्या. मुलाचे नाव पटावर असेल तर त्याची हजेरी लागते, पालकांनी फी थकवली तरी ती वसूल करणे शाळेचे काम. पण नावच पटावर नसेल, तर वर्षभर बाकावर बसूनही त्या मुलाला परीक्षेचा नंबर मिळत नाही. कोसेई नेन्किन याच रीतीने चालते. माणूस कामाला लागल्यापासून ५ दिवसांत मालकाने त्याचे नाव कळवायचे. नाव लागल्यावर मालकाने पुढे हप्ते थकवले, तरी नोकरदाराचे महिने मोजले जातात. वसुलीची डोकेदुखी सरकारची. ते मालकाची बँक खाती जप्त करू शकते. नाव कळवलेच नाही तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्ज आणि दोन वर्षांची मुदत

मालक आज-उद्या करत राहिला तर नोकरदार स्वतः पेन्शन कार्यालयात जाऊ शकतो. कोसेई नेन्किन कायद्याच्या कलम ३१ मध्ये ‘काकुनिन सेइक्यू’ नावाच्या अर्जाची सोय आहे: माझी पात्रता तपासा आणि तसे नोंदवा. हा अर्ज नोकरीत असताना करता येतो आणि नोकरी सोडल्यावरही. अर्ज राहत्या पत्त्याजवळच्या कार्यालयात द्यायचा नाही. कंपनीचा पत्ता ज्या कार्यालयाच्या हद्दीत येतो तिथे द्यायचा. त्यात कंपनीचे नाव-पत्ता, कामाला लागल्याची तारीख, आठवड्याचे तास आणि पगार लिहायचा. सोबत करार, पगारपत्रके, बँकेचे पासबुक, तासिकांचे वेळापत्रक, कामाच्या वेळा ठरवणारे ईमेल, जे हाताशी असेल ते.

खिडकीवरचा कर्मचारी कधीकधी ‘आधी मालकाशी बोला’ म्हणून बोळवण करू पाहतो. तोंडी चौकशी करून परत येऊ नये. अर्ज लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यावा. या शिक्क्याला वजन आहे. हप्ते वसूल करण्याचा सरकारचा हक्क दोन वर्षांत मुदतबाह्य होतो, आणि नोंदणीच झालेली नसेल तर तेवढा जुना काळ पेन्शनमधूनही जातो. म्हणजे चार वर्षे गप्प बसलेल्याला सहसा शेवटची दोनच वर्षे मिळतात, आणि तो आणखी थांबला तर दर महिन्याला मागचा एक महिना गळत जातो. पण मुदत संपण्याआधी अर्ज दाखल झालेला असेल आणि नंतर चौकशी रेंगाळून वसुलीची वेळ टळली, तर तो काळ कापला जात नाही. कायद्याच्या कलम ७५ मध्ये हा अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. कंपनीशी गोडीगुलाबीने बोलणी चालू ठेवायची असतील तर खुशाल ठेवावीत, पण अर्ज आधी द्यावा. बोलण्यांनी मुदत थांबत नाही.

अर्जानंतर कार्यालय मालकाकडून खुलासा मागवते, पगाराची वही आणि हजेरीपत्रक तपासते, गरज पडली तर जागेवर जाऊन पाहते. मालक हटून बसला तर कार्यालय आपल्या अधिकारात नाव चढवू शकते. अर्ज फेटाळला गेला तर निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत सामाजिक विमा परीक्षकाकडे अपील करता येते. त्याच्या निकालावर दोन महिन्यांत वरच्या मंडळाकडे जाता येते आणि त्यापुढे न्यायालय आहेच.

कापले, पण भरलेच नाहीत

याहून वाईट प्रकार म्हणजे पगारातून हप्ता कापून घ्यायचा आणि तो कार्यालयात भरायचाच नाही. यावरचा उपाय जपानला एका मोठ्या लाजिरवाण्या प्रकरणातून सापडला. २००७ साली उघड झाले की, पेन्शनच्या सुमारे ५ कोटी नोंदी कोणाच्या नावाच्या आहेत हेच सरकारला सांगता येत नव्हते. लोक खवळले. जुलैमध्ये सत्ताधारी पक्ष वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत आपटला आणि सप्टेंबरमध्ये शिंझो आबे यांनी पंतप्रधानपद सोडले. पेन्शन सांभाळणारे जुने खाते पुढे बरखास्त झाले आणि जानेवारी २०१० मध्ये ‘निप्पोन नेन्किन किको’ ही नवी संस्था कामाला लागली.

त्या वादळात, डिसेंबर २००७ मध्ये, एक खास कायदा झाला. पगारातून हप्ता कापल्याचे सिद्ध झाले, तर दोन वर्षांची मुदत उलटून गेली असली तरी नोंद दुरुस्त करता येते. मालकाला रक्कम भरायला सांगितले जाते. त्याने हात वर केले किंवा कंपनीच बुडाली असली, तरी दुरुस्त झालेले महिने नोकरदाराचेच राहतात. हा सगळा दावा उभा राहतो पगारपत्रकांवर. परदेशी माणूस घर बदलताना, देश सोडताना कागद फेकून देतो आणि त्याबरोबर त्याचा एकमेव पुरावाही जातो. ही पगारपत्रके पासपोर्टइतकीच जपून ठेवायला हवीत.

फसवणूक वेळेवर लक्षात यावी यासाठीही सोय झाली. दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात प्रत्येकाला पेन्शनच्या नोंदीचे पत्र येते आणि ‘नेन्किन नेट’ या संकेतस्थळावर आपले महिने केव्हाही पाहता येतात. पत्र जपानीत असते, म्हणून अनेक परदेशी लोक ते न उघडताच बाजूला टाकतात. त्यातला कोसेई नेन्किनचा रकाना रिकामा आहे का, एवढे पाहायला फार जपानी लागत नाही.

मागच्या हप्त्यांचा धाक

नोंदणी मागील तारखेने झाली की नोकरदाराचाही निम्मा हिस्सा अंगावर येतो. मालक नेमका याचाच धाक घालतो: ‘तक्रार केलीस तर साडेसहा लाख येन एकदम भरावे लागतील.’ आकडा ऐकून माणूस मागे फिरतो. हिशोब केला तर चित्र बरेच वेगळे निघते.

कार्यालयाला पूर्ण रक्कम भरण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. पगारातून त्याला फक्त मागच्या एका महिन्याचा हिस्सा कापता येतो. दोन वर्षांची रक्कम नोकरदाराच्या संमतीशिवाय एका फटक्यात कापता येत नाही. मालक ती मागू जरूर शकतो, म्हणून व्यवहारात बहुधा हप्त्यांची बोलणी होतात. शिवाय त्याच काळात नोकरदाराने राष्ट्रीय पेन्शन स्वतः भरली असेल, तर ती परत मिळते.

> चौकट: ३ लाख येन पगार, एप्रिल २०२४ ते मार्च २०२६
>
> कोसेई नेन्किनचा दोन वर्षांचा एकूण हप्ता १३,१७,६०० येन. त्यात मालकाचे ६,५८,८०० आणि नोकरदाराचे ६,५८,८००.
>
> त्याच २४ महिन्यांची राष्ट्रीय पेन्शन आधीच भरली असेल तर परत येणारे ४,१३,८८० येन. नोकरदारावरचा खरा बोजा २,४४,९२० येन.
>
> या दोन वर्षांमुळे ६५ व्या वर्षानंतर आयुष्यभर वाढणारी पेन्शन वर्षाला सुमारे ३९,४६३ येन. म्हणजे सहा वर्षांच्या थोडे पुढे बोजा फिटतो.

आरोग्यविम्याचा हिशोब जरा किचकट असतो. नगरपालिकेच्या विम्याचे हप्ते परत मिळतात, पण त्या विम्याने मधल्या काळात डॉक्टरांना दिलेली ७० टक्के बिले नव्या विम्याकडे वळवून घ्यावी लागतात. त्यासाठी दवाखान्याच्या पावत्या हव्यात.

व्हिसाची भीती आणि संघटनेचे बळ

मालकाने व्हिसा रद्द केला तर? हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो, आणि मालक तो जागता ठेवतो. व्हिसा रद्द करणे मालकाच्या हातात नसते. अभियंते, भाषांतरकार, भाषाशिक्षक ज्या दर्जावर राहतात तो नोकरी बदलली तरी मुदतीपर्यंत टिकतो. नोकरी सुटली किंवा बदलली की १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचे आणि पुढचे काम शोधायचे. तीन महिन्यांहून जास्त काळ कारणाशिवाय काहीच काम केले नाही तर दर्जा धोक्यात येतो, तो वेगळा भाग. काही खास व्हिसांवर नोकरी बदलण्याची मुभा कमी असते. तिथे ही भीती खरी आहे, आणि अशा माणसाने एकट्याने पाऊल उचलू नये.

गप्प राहिल्याने मात्र व्हिसाचेच नुकसान होऊ शकते. कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना मागच्या दोन वर्षांचे पेन्शनचे हप्ते भरल्याचे, तेही वेळेवर भरल्याचे, कागद २०१९ पासून मागितले जातात. मालकाने नाव नोंदवले नाही आणि राष्ट्रीय पेन्शनही भरली गेली नाही, असा माणूस तिथे अडकतो.

एकट्या माणसाला मालक झुलवतो, संघटनेला झुलवणे अवघड. जपानमध्ये कंपनीबाहेरच्या कामगार संघटनेत कोणीही एकट्याने सभासद होऊ शकतो, आणि संघटनेने बोलणी मागितली तर योग्य कारणाशिवाय नकार देणे मालकाला बेकायदा ठरते. संघटनेत गेला म्हणून कामावरून काढणेही बेकायदा. ओसाकातली ‘जनरल युनियन’ आणि टोकियोतली ‘तोझेन’ यांनी भाषाशिक्षकांच्या शाकाई होकेनसाठी वर्षानुवर्षे लढत दिली आहे. एकाच शाळेतले पाच-सहा जण मिळून अर्ज देतात तेव्हा ‘हा एकटाच तक्रारखोर आहे’ हे म्हणणे कार्यालयासमोर टिकत नाही.

निशी-कासाईपासून पुण्यापर्यंत

टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाईत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यांत मराठी घरेही बरीच आहेत. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्या नगरसभेवर निवडून आले. इथल्या आयटी अभियंत्यांचे पेन्शनच्या दृष्टीने दोन गट पडतात. १ ऑक्टोबर २०१६ पासून भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. पुण्यातल्या कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या कामासाठी पाठवलेला माणूस ईपीएफओचे प्रमाणपत्र घेऊन गेला, तर त्याचा पीएफ भारतात चालू राहतो आणि जपानमध्ये हप्ता लागत नाही. जपानी कंपनीने, किंवा तिथल्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या लहान संस्थेने थेट नोकरीवर घेतलेल्याला मात्र हे प्रमाणपत्र लागू नाही. त्याचे नाव कोसेई नेन्किनमध्ये असलेच पाहिजे. ‘तुम्ही भारतीय, तुम्हाला करारामुळे सूट आहे’ असे कोणी सांगितले, तर प्रमाणपत्र दाखवा म्हणावे.

देश सोडताना आणखी एक निवड करावी लागते. सहा महिने ते दहा वर्षांपेक्षा कमी काळ हप्ते भरलेला परदेशी माणूस जपान सोडल्यावर दोन वर्षांत एकरकमी परतावा मागू शकतो. २०२१ पासून जास्तीत जास्त ६० महिन्यांचा हिशोब धरतात. ३ लाख येन सरासरी पगारावर ३६ महिन्यांचे ९,९०,००० येन होतात आणि त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. राष्ट्रीय पेन्शनच भरली असती तर याच ३६ महिन्यांचे २०२५-२६ च्या दराने ३,१५,१८० येन मिळाले असते. मालकाने नाव नोंदवले की नाही, याचा फरक परत जाणाऱ्यालाही असा रोख दिसतो.

पण परतावा घेतला की ते महिने कायमचे पुसले जातात. जपानमध्ये पेन्शनला पात्र व्हायला २०१७ पासून दहा वर्षे लागतात, त्याआधी २५ लागत होती. करारामुळे भारतातली ईपीएफओची वर्षे या दहामध्ये धरता येतात. जपानमध्ये सहा वर्षे आणि भारतात चार वर्षे नोकरी केलेल्याला, परतावा घेतला नसेल तर, ६५ व्या वर्षानंतर त्या सहा वर्षांची पेन्शन जपानकडून भारतातल्या बँक खात्यात मिळू शकते. त्या सहामधली दोन वर्षे मालकाने नोंदवलीच नसतील आणि राष्ट्रीय पेन्शनही भरली गेली नसेल, तर दहाचा आकडा भरत नाही.